सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकांतील शुद्धलेखन आणि दुरुस्तीची मुदत

सॉफ्टवेअरबरोबर वापरणाऱ्याच्या हाती जे लिखाण येते, म्हणजे माहितीपुस्तिका, आज्ञांची वर्णने, पडद्यावरील मदतीचे मजकूर आणि निरनिराळ्या प्रणालींनी परस्परांशी कसा व्यवहार करावा हे ठरवून देणारे मानक दस्तऐवज, त्या सर्वांना मिळून डॉक्युमेंटेशन असे म्हणतात. आणि या लिखाणाचे व्याकरण व शुद्धलेखन तपासण्याचे काम संगणकाच्या इतिहासग्रंथांत फार क्वचित नोंदले गेले आहे. मुद्रितशोधन ही छापखान्यातील कला समजली गेली आणि अभियंत्यांच्या कर्तृत्वात तिची गणना झाली नाही, हे या उपेक्षेचे मुख्य कारण होय. कथा-कादंबरीतील मुद्रणदोष वाचक मनातल्या मनात सुधारून पुढे जातो, परंतु आज्ञेच्या वर्णनात चुकीचे छापलेले अक्षर तो जसेच्या तसे टंकित करतो, यंत्र ते नाकारते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, स्वीकारते, आणि एकदा ते स्वीकारले गेले की इतरांचे प्रोग्राम त्या चुकीवर विसंबून लिहिले जाऊ लागतात. त्यामुळे या क्षेत्रातील प्रत्येक चुकीला एक मुदत असते. तिच्या आत ती कोणालाही त्रास न देता पुसता येते, आणि ती उलटून गेल्यावर चूक सुधारणे हेच नव्या बिघाडाचे कारण ठरते. ही मुदत कोणत्या काळात किती होती आणि ती पाळण्यासाठी कोणती साधने घडवली गेली, हे पाहिल्यावर या दुर्लक्षित कामाचे मोल ध्यानात येते.

आरंभीच्या काळात दुरुस्ती हा कागदाचा व्यवहार होता. आयबीएम कंपनीने १९६४ साली सिस्टिम ३६० ही यंत्रमालिका जाहीर केली तेव्हा तिच्या माहितीपुस्तिका सुट्या पानांच्या फायलींत ठेवल्या जात, आणि चुका सुधारण्यासाठी कंपनी वेळोवेळी बदली पानांचे संच पाठवत असे. ग्राहकाच्या कार्यालयातील कोणीतरी जुने पान काढून त्या जागी नवे पान लावायचे, आणि बदललेला मजकूर कोणता हे कळावे म्हणून समासात उभी रेघ छापलेली असायची. पुस्तिकेच्या शेवटी वाचकाच्या अभिप्रायासाठी एक पत्रक जोडलेले असे, ज्याचे टपालशुल्क कंपनीच भरत असे, आणि चूक कळवण्याचा हा सरळ मार्ग होता. ही व्यवस्था किती अवजड होती याची कल्पना या यंत्रमालिकेच्या विकासाचे एक प्रमुख फ्रेडरिक ब्रूक्स यांच्या १९७५ सालच्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या ग्रंथातून येते. ओएस ३६० ही कार्यप्रणाली घडवणाऱ्यांसाठी ठेवलेली प्रकल्पाची कार्यवही सुमारे सहा महिन्यांत ५ फूट जाडीची झाली, आणि दररोज वाटल्या जाणाऱ्या बदलांचा गठ्ठा सरासरी २ इंचांचा, म्हणजे सुमारे १५० पानांचा भरू लागला, तेव्हा कागद सोडून सूक्ष्मचित्रांच्या पट्ट्यांचा आश्रय घ्यावा लागला. एका अक्षराची दुरुस्तीही याच वाटेने जात असल्यामुळे ती करावी की पुढील आवृत्तीपर्यंत थांबावे, हा प्रश्न भाषेचा न राहता खर्चाचा होत असे. चूक दिसणारा वाचक आणि ती सुधारू शकणारा लेखक यांच्यामध्ये टपाल, छापखाना आणि फायलिंग अशी तीन अंतरे होती.

ही अंतरे ज्या ठिकाणी ठळकपणे मिटली ते ठिकाण न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल लॅबोरेटरीज होय. युनिक्स या कार्यप्रणालीच्या जनकांना, म्हणजे केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या गटाला, पीडीपी ११ हे यंत्र मिळाले ते कार्यप्रणालीच्या संशोधनासाठी नव्हे, तर मजकूर तयार करण्याची आणि सुधारण्याची व्यवस्था उभारण्याच्या प्रस्तावावर, आणि १९७१ साली तिचा पहिला खरा ग्राहक ठरला तो संस्थेचा पेटंट विभाग, ज्याचे टंकलेखक पेटंटचे अर्ज या यंत्रावर लिहू लागले. मजकुराची दुरुस्ती ही युनिक्सची पुढे जोडलेली सोय नसून तिच्या आर्थिक अस्तित्वाचा पाया होती, ही गोष्ट या इतिहासात वारंवार सांगण्याजोगी आहे. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या युनिक्स माहितीपुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक आज्ञेचे वर्णन ठरावीक मथळ्यांखाली मांडले होते, आणि त्यांत ज्ञात दोषांचा एक मथळा होता. स्वतःच्या उणिवा स्वतःच्याच पुस्तिकेत, प्रत्येक आज्ञेच्या पानावर, छापून ठेवण्याची ही रीत व्यापारी पुस्तिकांना परकी होती. त्याखाली त्या आज्ञेच्या मालकाचे नाव असे, आणि ज्याने अखेरचा बदल केला तो मालक, असा संकेत प्रस्तावनेत नोंदलेला होता. लेखकत्वाऐवजी अखेरच्या दुरुस्तीला जबाबदारी चिकटवणारा हा संकेत पुढील अर्धशतकाच्या कार्यपद्धतीचे बीज मानता येईल. वर्णन ज्या यंत्रावर लिहिले जाई त्याच यंत्रावर ते वाचले जाई, त्यामुळे वाचणाऱ्याला चूक दिसली की ती सुधारण्यास काही मिनिटे पुरत.

याच वातावरणात युनिक्सचे शब्द तपासणारे प्रोग्राम जन्मले. त्यापूर्वी, १९६४ साली, आयबीएममधील फ्रेड डॅमेराऊ यांनी दाखवून दिले होते की लेखनातील ८० टक्क्यांहून अधिक चुका चारांपैकी एकाच प्रकारच्या असतात: एक अक्षर बदलते, एक गळते, एक जास्त येते किंवा शेजारची दोन अक्षरे अदलाबदल होतात. बेल लॅबोरेटरीजमध्ये रॉबर्ट मॉरिस आणि लॉरिंडा चेरी यांनी लिहिलेला टायपो हा प्रोग्राम मात्र कोशाच्या मार्गाने गेला नाही. तो दस्तऐवजातील अक्षरांच्या जोड्या आणि त्रिके मोजत असे, ज्या शब्दांत दुर्मीळ त्रिके आढळत त्यांना विचित्रपणाचा अंक देत असे आणि सर्वांत विचित्र शब्द यादीच्या शिरोभागी ठेवत असे. चुकीचे निदान तो करत नसे, संशय तेवढा व्यक्त करत असे. निर्णय वाचणाऱ्याचा राही, आणि हीच त्याची प्रतिष्ठा होती. १९७५ साली स्टीव्ह जॉन्सन यांनी एका दुपारी स्पेल हा प्रोग्राम उभा केला. मजकुराचे सुटे शब्द करणे, ते अकारविल्हे लावणे, पुनरुक्ती काढणे आणि कोशाशी ताडून पाहणे ही कामे करणारे छोटे प्रोग्राम त्यांनी एकापुढे एक जोडले, म्हणजे एकाचे उत्तर दुसऱ्याचा कच्चा माल होईल अशी साखळी केली.

स्पेलला खरे सामर्थ्य दिले ते डग मॅकिलरॉय यांनी. त्या यंत्रावरील प्रोग्रामला एका वेळी ६४ किलोबाइट एवढीच स्मृती उपलब्ध होती, आणि तीत सुमारे ३०,००० शब्दांचा कोश मावणे अशक्यप्राय होते. मॅकिलरॉय यांनी प्रत्येक शब्दाचे २७ द्विअंकी स्थानांच्या एका संख्येत रूपांतर केले, त्या संख्या क्रमाने लावून केवळ लगतच्या दोन संख्यांमधील अंतर साठवले, आणि एका शब्दामागे सरासरी १४ द्विअंक एवढ्या जागेत काम भागवले. उपसर्ग आणि प्रत्यय काढून मूळ शब्द शोधण्याची सोय असल्याने कोशात मूळ रूप तेवढे ठेवणे पुरत असे, परंतु या सोयीतूनच नवी अडचण निघाली. 'त्यांचा' या अर्थाच्या इंग्रजी शब्दात आय आणि ई यांची अदलाबदल ही अतिशय नित्याची चूक आहे, आणि जुन्या इंग्रजीतील 'तुझा' या अर्थाच्या शब्दाला तरभाव दाखवणारा प्रत्यय नियमाप्रमाणे लावला असता नेमके तेच चुकीचे रूप तयार होते. त्यामुळे प्रोग्राम ते शुद्ध म्हणून सोडून देई. त्यावर उपाय म्हणून नियमाने साधणाऱ्या पण प्रत्यक्षात अशुद्ध असलेल्या रूपांची वेगळी निषिद्ध यादी करावी लागली. व्याकरणाचा नियम आणि भाषेचा वापर यांच्यातील फट इतक्या स्पष्टपणे, इतक्या थोड्या जागेत, क्वचितच कोणी नोंदवली असेल.

शब्दांनंतर वाक्यांकडे लक्ष गेले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस लॉरिंडा चेरी, नीना मॅकडोनाल्ड, लॉरेन्स फ्रेझ आणि त्यांचे सहकारी यांनी रायटर्स वर्कबेंच नावाचा प्रोग्रामसंच तयार केला, ज्याचा एक भाग वाक्यांची लांबी, कर्मणी प्रयोगांचे प्रमाण आणि वाचनसुलभता मोजत असे, दुसरा भाग पाल्हाळिक शब्दप्रयोग दाखवत असे, आणि आणखी एक भाग लागोपाठ दोनदा पडलेला शब्द पकडत असे. बेल लॅबोरेटरीजमधील तांत्रिक लेखनासाठी घडवलेली ही साधने कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात निबंधलेखन शिकवण्यासाठीही वापरली गेली. डग मॅकिलरॉय यांनी संपादित केलेली माहितीपुस्तिकेची सातवी आवृत्ती १९७९ साली निघाली, आणि आटोपशीर, अचूक तांत्रिक गद्याचा नमुना म्हणून ती आजही वाचली जाते. हे श्रेय केवळ साधनांना देणे अन्यायाचे होईल. मॅकिलरॉय यांची वाक्ये कापण्याची निर्दयता त्यामागे होती.

तरीही याच युनिक्समध्ये एक चूक मुदत उलटून कायमची बसली. नवी फाइल निर्माण करण्याच्या आज्ञेचे नाव ठेवताना क्रिएट या इंग्रजी शब्दाच्या शेवटचे ई अक्षर गाळले गेले, आणि पुढे केन थॉम्पसन यांना युनिक्स पुन्हा घडवायची झाल्यास काय वेगळे कराल असे विचारले गेले तेव्हा त्यांनी हे अक्षर घालीन असे उत्तर दिल्याची नोंद बेल लॅबोरेटरीजमधील कर्निघन आणि पाइक यांच्या १९८४ सालच्या युनिक्सविषयक पुस्तकात आहे. ते अक्षर घालणे तोवर अशक्य झाले होते, कारण असंख्य प्रोग्राम त्या नावाने ती आज्ञा बोलावत होते. दुसरे उदाहरण अधिक व्यापक आहे. वाचक कोणत्या पानावरून येथे पोचला हे ब्राउझरने सर्व्हरला सांगावे यासाठी फिलिप हॅलम-बेकर यांनी एक शीर्षक सुचवले, ज्याच्या नावात रेफरर या शब्दाच्या मध्यभागी दोनदा यावयाचे आर अक्षर एकदाच आले. ही चूक लक्षात आली तेव्हा त्या मानकाचे एक लेखक रॉय फील्डिंग यांनी नोंदवले की युनिक्सच्या स्पेलला शुद्ध आणि अशुद्ध यांपैकी कोणतेच रूप माहीत नाही. मे १९९६ मध्ये हायपरटेक्स्ट संदेशवहनाचे पहिले अधिकृत वर्णन इंटरनेटच्या मानकांच्या आरएफसी या दस्तऐवजमालेत आरएफसी १९४५ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले ते या अशुद्ध रूपासह, आणि जून २०२२ मधील आरएफसी ९११० मध्येही तेच रूप कायम आहे. पुढे त्याच विषयाशी संबंधित जी शीर्षके निघाली त्यांत शुद्ध रूप वापरले गेले, त्यामुळे आज एकाच यंत्रणेत एकाच शब्दाची दोन वर्णलेखने शेजारी शेजारी नांदतात आणि नवशिक्या प्रोग्रामरला दोन्ही लक्षात ठेवावी लागतात.

ही आरएफसी दस्तऐवजमाला स्वतंत्र विचारास पात्र आहे, कारण तिने दुरुस्तीच्या मुदतीवर जाणीवपूर्वक कायदा केला. ७ एप्रिल १९६९ या तारखेचा पहिला आरएफसी स्टीव्ह क्रॉकर यांनी लिहिला. त्यानंतर जॉन पोस्टेल यांनी १९९८ साली त्यांचे निधन होईपर्यंत, जॉइस रेनॉल्ड्स यांच्या साहाय्याने, या मालेचे संपादन केले. प्रसिद्ध झालेला आरएफसी कधीही बदलायचा नाही, हा तिचा नियम आहे. चूक आढळल्यास ती स्वतंत्र शुद्धिपत्रात नोंदवली जाते, तिचे तांत्रिक किंवा संपादकीय असे वर्गीकरण होते, आणि ती पडताळून मान्य केली जाते, पुढील आवृत्तीसाठी राखून ठेवली जाते किंवा फेटाळली जाते. स्वल्पविरामाची चूकही या कचेरीतून जाते, आणि हा काटेकोरपणा अनाठायी नाही. मार्च १९९७ मधील आरएफसी २११९ ने इंग्रजीतील 'केलेच पाहिजे', 'करावे' आणि 'केले तरी चालेल' अशा अर्थाच्या शब्दांना ठरावीक बंधनात्मक अर्थ दिले, त्यामुळे वाक्याचे क्रियापद हेच कराराचे कलम झाले. पुढे २०१७ मध्ये आरएफसी ८१७४ ने स्पष्ट केले की हे शब्द मोठ्या लिपीत असतील तेव्हाच त्यांना तो विशेष अर्थ आहे. वीस वर्षे अभियंते ज्या संदिग्धतेवर वाद घालत होते ती अक्षरे लहान की मोठी एवढ्या गोष्टीत सामावलेली होती.

चुकीची किंमत ठरवून ती चुकती करण्याचा मार्ग डोनाल्ड नूथ यांनी पत्करला. 'द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या १९६८ पासून प्रसिद्ध होत असलेल्या ग्रंथमालेतील चूक प्रथम कळवणाऱ्यास ते बक्षीस देतात, आणि गणिती चूक असो की मुद्रणदोष, २ डॉलर ५६ सेंट ही रक्कम सारखीच असते. २५६ सेंट म्हणजे षोडशमान पद्धतीतील एक डॉलर. दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची १९७७ साली आलेली प्रुफे पाहून असमाधानी झालेल्या नूथ यांनी अक्षरजुळणीसाठी टेक् ही स्वतःची प्रणाली लिहिली, आणि १९८९ मध्ये तिच्यातील चुकांची वर्गवार जंत्री प्रसिद्ध केली, जीत निव्वळ हात घसरून झालेल्या चुकांसाठी वेगळे अक्षर राखलेले होते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने ही जबाबदारी व्यक्तीकडून समूहाकडे नेली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पात पुस्तिका हा सॉफ्टवेअरचा अविभाज्य भाग मानला गेला, आणि तिच्यात बदल करण्याचे स्वातंत्र्य वाचकाला असावे असा आग्रह धरला गेला. लिनक्स या कार्यप्रणालीच्या प्रणाली-हाकांची, म्हणजे प्रोग्राम तिच्या गाभ्याकडे ज्या मागण्या करतात त्यांची, वर्णने जपणारा मॅन-पेजेस प्रकल्प आंद्रिस ब्रौवर आणि २००४ पासून मायकेल केरिस्क यांनी दीर्घकाळ सांभाळला. दुरुस्ती आता पॅच या रूपात पाठवली जाऊ लागली, म्हणजे कोणती ओळ काढून कोणती घालायची एवढेच सांगणारा छोटा मजकूर, ज्याच्यासोबत पाठवणाऱ्याचे नाव आणि कारण इतिहासात कायम राहते. लिनक्सच्या गाभ्यासाठी पॅच कसे पाठवावेत हे सांगणाऱ्या दस्तऐवजात क्षुल्लक दुरुस्त्यांसाठी वेगळा मार्ग दिलेला होता, आणि त्यात काय चालेल याची यादी होती. माहितीपुस्तिकांतील शुद्धलेखनाच्या चुकांची दुरुस्ती तीत होती. प्रोग्रामच्या मजकुरात मात्र ज्या चुकीमुळे ग्रेप ही शब्द शोधणारी आज्ञा अपयशी ठरू शकते तिचीच दुरुस्ती स्वीकारार्ह होती. ही अट अभ्यासनीय आहे: चुकीचा लिहिलेला शब्द वाचकाला समजतो, पण शोधणाऱ्याला सापडत नाही, आणि हजारो फायलींच्या संग्रहात जे सापडत नाही ते नसल्यासारखेच असते.

२०१४ साली लिनक्सच्या पॅच तपासणाऱ्या साधनाला नेहमीच्या चुकांची आणि त्यांच्या शुद्ध रूपांची यादी जोडली गेली, जिचा आधार डेबियन या लिनक्स-वितरणाचे लिंटियन हे साधन होते. त्याच सुमारास प्रचारात आलेले कोडस्पेल हे साधन विकिपीडियावरील नित्याच्या चुकांच्या यादीतून वाढले. स्पेलची दिशा येथे उलटली आहे. मॅकिलरॉय शुद्ध शब्दांची यादी बाळगत आणि तीत नसलेल्या शब्दाचा संशय घेत. प्रोग्रामच्या मजकुरात मात्र पुष्कळ शब्द कोशात नसलेली नावे असल्याने ज्ञात अशुद्ध रूपांचीच यादी ठेवणे व्यवहार्य ठरले. ही तपासणी पॅच स्वीकारण्यापूर्वी होत असल्याने चूक मुदत सुरू होण्याआधीच अडवली जाते. सोपेपणाचे दुष्परिणामही दिसले. हॅक्टोबरफेस्ट या वार्षिक उपक्रमात चार पॅच पाठवणाऱ्यास टी-शर्ट मिळत असे, आणि २०२० साली अनेक प्रकल्पांवर निरर्थक शब्दबदलांचा इतका भडिमार झाला की ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात नियम बदलून प्रकल्पांनी स्वतः होकार दिल्यासच त्यांना यात धरण्याचे ठरले. प्रामाणिक दुरुस्ती करणाऱ्या नवागतांना त्यामुळे संशयाने पाहिले जाऊ लागले, ही त्या प्रसंगाची खरी हानी होय.

मराठीचा या इतिहासाशी संबंध अनुवादाच्या वाटेने येतो. ग्नूचे गेटटेक्स्ट हे १९९५ पासूनचे साधन पडद्यावरील प्रत्येक इंग्रजी वाक्य हीच त्याच्या अनुवादाची किल्ली मानते. मूळ इंग्रजी वाक्यात एखादे अक्षर सुधारले की किल्ली बदलते, जुना अनुवाद संदिग्ध म्हणून बाजूला पडतो, आणि अनुवादकाने तो पुन्हा तपासून मान्य करेपर्यंत मराठी वापरणाऱ्याला पडद्यावर इंग्रजी वाक्य दिसते. इंग्रजीतील एका स्वल्पविरामाची दुरुस्ती अशा रीतीने डझनावारी भाषांतील अनुवादकांना कामाला लावते. शब्दतपासणीतही मराठीची गरज वेगळी आहे. घर या एका शब्दाची घराला, घरातून, घरासमोरच्या अशी रूपे होतात, आणि शिवाय वीट–विटेला, गरीब–गरिबाला यांप्रमाणे सामान्यरूपात मूळ शब्दाचाच दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, त्यामुळे मॅकिलरॉय यांची प्रत्यय काढण्याची कल्पना येथे नुसती सोय न राहता अपरिहार्य ठरते. मराठीत वापरला जाणारा हनस्पेल हा तपासनीस लास्लो नेमेथ यांनी हंगेरियन या प्रत्ययबहुल भाषेसाठी घडवला होता, ही गोष्ट म्हणूनच मराठीच्या पथ्यावर पडली. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली केलेले १४ आणि १९७२ साली वाढवलेले ४ नियम हा अशा कोशाचा आधार असतो. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र संगणकात दोन निरनिराळ्या संकेतमालिकांनी लिहिता येतो, आणि डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या त्या दोन रूपांपैकी एकच कोशात असेल तर दुसरे अशुद्ध ठरते.

अनुवादकाला प्रत्येक वाक्याचा अन्वय लावावाच लागतो, म्हणून इंग्रजी मजकुरातील कर्ता-क्रियापदाची विसंगती किंवा गळालेला नकार पुष्कळदा प्रथम त्याच्याच ध्यानात येतो, आणि तो ते मूळ प्रकल्पाला कळवतो. ग्नोम आणि केडीई यांसारखे डेस्कटॉप प्रकल्प नव्या आवृत्तीपूर्वी काही आठवडे मजकूर गोठवतात, म्हणजे त्या काळात इंग्रजी वाक्यांना हात लावायचा नाही असा नियम पाळतात, जेणेकरून अनुवाद पुरे होतील. परंतु अनुवादाचे बहुतेक काम त्याच आठवड्यांत चालत असल्याने चुका सापडण्याचा काळही तोच असतो. त्यामुळे अनुवादकाने दाखवलेली चूक बहुधा आवृत्ती प्रसिद्ध झाल्यानंतर सुधारली जाते, आणि ती सुधारली गेली की त्याचेच मराठी वाक्य संदिग्ध ठरून पुन्हा तपासणीसाठी त्याच्यापुढे येते.